गुळगुळीतावर कल्हई चढत नाही

माझे अब्बा कल्हईवाले होते. भाता, कोळसा, नवसागर आणि कथलाच्या कांड्या सायकलीला बांधून ते सांगली जिल्ह्यातली खेडी फिरायचे. गावात शिरलं की एखाद्या झाडाखाली खड्डा खणायचे, भाता बसवायचे आणि हाळी द्यायचे. शाळेला सुट्टी लागली की मीही बरोबर असायचो. माझ्याकडं काम एकच. मोठ्या पातेल्यात वाळू आणि गोणपाटाचा तुकडा टाकायचा, त्यात उभं राहायचं, झाडाची फांदी धरायची आणि कंबर वळवत वळवत पायांनी पातेलं आतून घासून काढायचं. एकदा कंटाळून मी विचारलं, "पातेलं तर चकचकीत दिसतंय, आता आणखी कशाला घासायचं?" अब्बा आमच्या घरच्या दखनीत म्हणाले, "चिकने पे कलई नै चढती, बेटा." गुळगुळीतावर कल्हई चढत नाही.

ही कल्हई कशासाठी, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक किंवा आमटी राहिली, तर आंबटपणा तांब्याला खातो आणि पदार्थ कळकतो. आमच्या घरी रसायन ओळखायचं यंत्र एकच होतं, आईची जीभ. बोटाचं टोक ताकात बुडवून ती जिभेला लावायची आणि म्हणायची, "कळकलंय, ओतून टाका." एका क्षणात निकाल.

पण जिभेला कळत नाहीत अशीही विषं असतात. ती आमच्या घरात १९९६ साली आली. माझा धाकटा चुलतभाऊ तासगावकडं द्राक्षबागेत फवारणीला जायचा. एका संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध मारत होता?" कुणालाच सांगता येईना. डबा आणला, तर त्यावरचा कागद केव्हाच निघून गेलेला. डॉक्टरांनी लक्षणं पाहून उपचार केले. तिसऱ्या दिवशी तो गेला. डब्यातला नमुना तपासणीला पाठवला होता. त्याचा अहवाल आला तो नेमका त्याच्या चाळिसाव्याच्या दिवशी. त्यात एक लांबलचक नाव होतं. ते वेळेवर कळलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण आईच्या जिभेला जो निकाल एका क्षणात द्यायला जमायचं, त्याला इथं चाळीस दिवस लागले, हे मात्र मनातून गेलं नाही.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. पण मागं माझी भाची घरी आली होती. ती रसायनशास्त्रात संशोधन करते. तिनं पर्समधून प्लॅस्टिकची एक डबी काढली. आत नखाएवढा काळा तुकडा. "मामू, हे सिलिकॉन," ती म्हणाली. सिलिकॉन म्हणजे संगणकाच्या चिपमधला पदार्थ, तो तर आरशासारखा चकचकीत असतो, एवढं मला ठाऊक होतं. हा तुकडा तव्याच्या बुडासारखा काळा, त्यात तोंडही दिसेना. मी विचारलं, "याची पॉलिश कुठं गेली?" ती हसली. "मुद्दाम खरवडलंय. यावर चांदीचा थर दिला, की कीटकनाशकाचा अगदी थोडा अंशही ओळखता येतो." मला अब्बांचं वाक्य आठवलं. त्या दिवसापासून मी या काळ्या तुकड्याच्या पूर्वजांचा शोध घेत गेलो. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

ही गोष्ट आपल्या मुंबई बंदराला स्पर्श करून जाते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' या बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राच्या निळाईनं त्यांना वेडं केलं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळं, असं तेव्हा मोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांनी जवळच्या निकोल लोलकातून पाहून परावर्तित प्रकाश अडवला. निळाई गेली नाही, उलट अधिक खुलली. म्हणजे रंग खुद्द पाण्याचाच, पाण्याच्या रेणूंनी प्रकाश विखुरल्यामुळं आलेला. बोट मुंबईला लागली तेव्हा त्यांचं टिपण तयार होतं. त्यावर पत्ता आहे, 'एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर', तारीख २६ सप्टेंबर. ते 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं.

कोलकात्याला परतल्यावर त्यांनी प्रकाशाच्या या विखुरण्याचा पिच्छाच पुरवला. बहुबाजार रस्त्यावर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली ती स्थापन केली होती. तिथं रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी दुर्बिणीच्या १८ सेंटिमीटर रुंदीच्या भिंगानं सूर्यप्रकाश एकवटला, तो द्रवांतून पाठवला आणि बाजूनं काय बाहेर पडतं ते डोळ्यांनी पाहिलं. असे साठेक द्रव त्यांनी तपासले. २८ फेब्रुवारी १९२८ ही त्या शोधाची तारीख. दोन वर्षांनी, १९३० साली, रामन यांना नोबेल मिळालं. मॉस्कोत लांड्सबेर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही त्याच वर्षी स्फटिकांमध्ये हीच गोष्ट दिसली होती, हेही सांगितलं पाहिजे.

शोध नेमका काय होता? प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो आणि बहुतेक वेळा आला तसाच, त्याच रंगाचा परत फिरतो. पण क्वचित एखादा कण रेणूच्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन किंवा तिच्याकडून थोडी घेऊन जातो. त्याचा रंग किंचित बदलतो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून हा बदलही प्रत्येकाचा वेगळा. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. बदललेला रंग नीट वाचता आला, की समोरचा रेणू कोण, हे त्याला न तोडता, न जाळता कळतं.

अडचण होती ती 'क्वचित' या शब्दात. कोटीभर कण गेले तर एखादा असा बदलून येतो. जत्रेच्या गोंगाटात कुणीतरी कानात पुटपुटावं, तसा हा आवाज. वर्णपटाचा फोटो घ्यायला काच तासन्‌तास प्रकाशासमोर ठेवावी लागे. १९६० साली लेसर आला आणि काम सोपं झालं. तरी पदार्थ भरपूर असेल तरच तो बोलायचा. चिमूटभर विषाचा कण, द्राक्षाच्या सालीवरचा पुसटसा थर, एवढ्याचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता.

तो ऐकू आला १९७४ साली, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात. मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्विलन हे तिघं चांदीच्या पृष्ठभागावर पिरिडीन नावाच्या द्रवाचे रेणू कसे बसतात, ते पाहत होते. पृष्ठभागावर बसणारे रेणू फार थोडे. मग त्यांनी साधा विचार केला. चांदी खडबडीत केली तर तिचं क्षेत्रफळ वाढेल, जास्त रेणू बसतील, आवाज वाढेल. त्यांनी वीजप्रवाह उलटसुलट फिरवून चांदी पुन्हा पुन्हा विरघळवली आणि पुन्हा तिच्यावरच बसवली. पृष्ठभाग ओबडधोबड झाला आणि पिरिडीन खणखणीत बोलू लागलं. (हेच फ्लाइशमन पुढं १९८९ साली 'शीत संमीलना'च्या दाव्यामुळं जगभर गाजले. तो दावा टिकला नाही. १९७४ चं काम मात्र टिकलं.)

त्यांना वाटलं, क्षेत्रफळाचा विचार बरोबर ठरला. पण १९७७ साली दोन ठिकाणी हिशेब तपासला गेला. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डेव्हिड जीनमेर आणि रिचर्ड व्हॅन डाइन यांनी, आणि इंग्लंडच्या केंट विद्यापीठात ग्रँट अल्ब्रेख्ट आणि अ‍ॅलन क्राइटन यांनी. आवाज वाढला होता काही लाखपट. नुसत्या क्षेत्रफळानं एवढं होणं शक्यच नव्हतं. व्हॅन डाइन यांनी तर चांदी अगदी हलकीच खरवडली, तरी आवाज दणदणीत. म्हणजे खडबडीतपणा जागा वाढवत नव्हता, तो आणखी काहीतरी करत होता.

ते 'काहीतरी' १९७८ साली मार्टिन मॉस्कोव्हिट्स यांनी सुचवलं. चांदीत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. चांदीचा कण काही दहा नॅनोमीटरचा असला, तर त्यातले सगळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठेक्यावर एकदमच झुलतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाडीचा. या इवल्या कणांच्या टोकांवर, आणि विशेषतः दोन कणांमधल्या बारीक फटीत, प्रकाशाचा जोर प्रचंड वाढतो. त्या फटीत सापडलेला रेणू मग पुटपुटत नाही, ओरडतो. सपाट, घोटीव चांदीवर हे घडत नाही. तिथं टोक नाही, फट नाही. १९९७ साली इंडियाना विद्यापीठातले शुमिंग नी आणि स्टीव्हन एमरी यांनी, तसंच कॅटरिन क्नाइप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की अशा फटीतून एकट्या रेणूचाही आवाज टिपता येतो.

आता तुम्ही म्हणाल, चांदीनंच एवढं केलं, तर मधे सिलिकॉन कशाला? त्याचं कारण माझ्या अब्बांच्या धंद्यातही होतं. हातानं केलेली कल्हई एका जागी दाट, दुसऱ्या जागी विरळ व्हायची. खरवडलेल्या चांदीचंही तेच. इथं आवाज मोठा, बोटभर अंतरावर काहीच नाही. अशा यंत्रावर कुणी निकाल कसा द्यावा? दर वेळी तोच, दर तुकड्यावर सारखाच खडबडीतपणा हवा होता. आणि असं एकसारखं नक्षीकाम लाखो वेळा करायची सवय माणसाला एकाच पदार्थावर झाली होती. तो पदार्थ म्हणजे सिलिकॉन.

गंमत अशी, की सिलिकॉनच्या जगात खडबडीतपणा पूर्वीच सापडलेला होता आणि त्याला दोष समजून बाजूला ठेवलं होतं. १९५६ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आर्थर ऊलिर आणि त्यांच्या पत्नी इंगेबोर्ग सिलिकॉनला हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि विजेच्या साह्यानं घोटून आकार देण्याच्या प्रयत्नात होते. प्रवाह ठरावीक मापाचा असला, की घोटलं जाण्याऐवजी त्यावर रंगीत, मळकट साय धरायची. त्यांना हवी होती झळाळी. साय आली तशी त्यांनी नोंद करून ठेवली आणि गोष्ट तिथंच थांबली. ती साय म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखं बारीक भोकांचं सिलिकॉन होतं. १९९० साली इंग्लंडमध्ये माल्व्हर्न इथं ली कॅनहॅम यांना दिसलं, की असं सच्छिद्र सिलिकॉन योग्य प्रकाशात चक्क लालसर उजळतं. मग सारं जग त्या सायीकडं वळलं.

दुसरी गोष्ट नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातली. वायूंच्या साह्यानं सिलिकॉन कोरताना मधेच पृष्ठभागावर गवतासारखे सूक्ष्म काटे उगवायचे आणि तुकडा काळा पडायचा. कारागिराला हे गवत म्हणजे डोकेदुखी. १९९५ साली तिथल्या संशोधकांनी या काळेपणालाच खूण मानलं आणि त्यावरून कोरण्याचं माप ठरवलं. १९९८ साली हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या गटानं अतिशय अल्पकाळाच्या लेसर झोतांनी असेच काटे मुद्दाम उगवले. काट्यांच्या रानात शिरलेला प्रकाश बाहेर पडेना, म्हणून सिलिकॉन काळं. माझ्या भाचीच्या डबीतला तुकडा याच घराण्यातला.

मग या दोन गोष्टी एकत्र आल्या. सिलिकॉनचा खडबडीतपणा आणि वर चांदीची कल्हई. २००३ साली इंटेल कंपनीच्या संशोधकांनी सच्छिद्र सिलिकॉनवर चांदी चढवून लहान रेणूंचे ठसे टिपले. त्याच दशकात साउथॅम्प्टन विद्यापीठातून निघालेल्या एका कंपनीनं सिलिकॉनमध्ये उलट्या पिरॅमिडसारखे एकसारखे खळगे कोरले, त्यांवर सोनं चढवलं आणि हा तुकडा विकायलाही आणला. ज्या गावात चांदी आडदांडपणे खरवडली होती, त्याच गावात तीस वर्षांनी खडबडीतपणा मोजूनमापून कोरला गेला. २००९ साली मझूर यांच्या गटानंही आपल्या काट्यांवर चांदी चढवून हेच केलं. आपल्याकडं हैदराबाद विद्यापीठात लेसरनं कोरलेल्या अशा पृष्ठभागांवर स्फोटकांचे अंश ओळखण्याचं काम झालं आहे.

चांदी चढवायची एक रीत ऐकून तर मी थक्क झालो. सिलिकॉनचा तुकडा हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवला, की बाहेरून वीज न देता चांदीचे कण आपोआप त्याच्यावर बसतात. सिलिकॉन स्वतः झिजतं आणि चांदीला जागा करून देतं. या आम्लाला हात लावायचा नसतो, ते हाडापर्यंत जातं, म्हणून हे काम प्रयोगशाळेतच करायचं.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर २००८ साली चीनमध्ये मिळालं. तिथं बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामिन मिसळलं गेलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. दुधाची तपासणी होत नव्हती असं नाही. होत होती. पण ती तपासणी विचारायची, नायट्रोजन किती? नायट्रोजन भरपूर म्हणजे प्रथिनं भरपूर, असा हिशेब. मेलामिनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला असतो. पाणी घातलेलं दूध परीक्षेत पास झालं. 'किती' हा प्रश्न फसवता येतो. रामन यांचा प्रकाश 'तू कोण' असं विचारतो. त्या घटनेनंतर मेलामिन ओळखण्यासाठी या पद्धतीवर जगभर काम झालं. २०१० साली चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या गटानं सोन्याच्या कणांवर काचेसारख्या पदार्थाचं पातळ कवच चढवलं, ते कण संत्र्याच्या सालीवर पसरले आणि सालीवरच्या पॅराथिऑन कीटकनाशकाचा ठसा जागेवरच टिपला.

याचे दोषही सांगायला हवेत. चांदी काळवंडते, हे घरातल्या पैंजणांवरून आपल्याला ठाऊक आहे. हे तुकडेही हवेतल्या गंधकानं बिघडतात. प्रत्येक रेणू चांदीला चिकटतोच असं नाही. ज्यात गंधक असतं, ते थायरमसारखं बुरशीनाशक पटकन चिकटतं, दुसरी काही फटकून राहतात. आणि शुद्ध पाण्यात जो आवाज स्पष्ट, तो दुधात, रक्तात, मातीत इतरांच्या गलक्यात हरवतो. म्हणून प्रयोगशाळेच्या तपासणीला अजून पर्याय नाही. या तुकड्यानं संशय घ्यायचा आणि मोठ्या यंत्रानं शिक्कामोर्तब करायचं, एवढं झालं तरी पुष्कळ. संशय मिनिटांत घेता येतो, हाच त्याचा मोठेपणा.

इथं मला एक गोष्ट बोलायची आहे. निर्यातीच्या द्राक्षाची तपासणी होते. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि युरोपात आपली द्राक्षं अडली. त्यानंतर बागायतदार सावध झाले, ते योग्यच झालं. खाणाऱ्याची काळजी घेतली गेलीच पाहिजे. पण फवारणाऱ्याचं काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. वेगवेगळी औषधं एकत्र कालवून फवारली जात होती. दवाखान्यात आणलेल्या माणसाच्या अंगात नेमकं काय गेलं, हा प्रश्न तिथंही उभा होता. माझ्या चुलतभावाच्या वेळी उभा होता, अगदी तोच.

संत्र्याच्या सालीवरचं विष जागेवर ओळखता येत असेल, तर शेतमजुराच्या शर्टाच्या बाहीवरचंही एक दिवस ओळखता आलं पाहिजे. तालुक्याच्या दवाखान्यात, डॉक्टर विचारतील तेव्हा. त्यासाठी नवं नोबेल लागणार नाही. लागेल ती फक्त असं यंत्र तिथवर पोचवायची इच्छा. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. शाळांत रामन यांच्या फोटोला हार घातला जातो. त्या दिवशी मुलांना समुद्राच्या निळाईबरोबर ही काळ्या तुकड्याची गोष्टही सांगावी, असं मला वाटतं.

भाची निघताना मी तिला कपाटातला तो जुना अहवाल दाखवला. कागद घडीवर फाटला आहे. तिनं ते लांबलचक नाव सहज वाचलं आणि म्हणाली, "मामू, यात गंधक आहे. हे चांदीला चिकटेल." मग मलाही तिनं ते नाव तुकड्या-तुकड्यानं म्हणायला शिकवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला न अडखळता वाचता आलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)